लोखंडाला हात

तारांतोच्या गोदीत 'त्रिओंफो', म्हणजे 'विजय', या नावाची एक पाणबुडी होती. ते नाव तिच्या बुडावर रंगवलेलं होतं आणि रोमच्या कागदांत होतं. बाकी गावातलं शेंबडं पोरही तिला त्या नावाने हाक मारत नसे. गाव तिला 'सोल्योला' म्हणायचं. सोल्योला म्हणजे लेपा मासा. चपटा, दोन्ही डोळे एकाच बाजूला, जन्मभर तळाच्या चिखलाला पोट लावून पडलेला. पाणबुडीचीही तीच तऱ्हा. बुडायला ती एका पायावर तयार असे; वर या म्हटलं की तिला सतरा विघ्नं आडवी येत.

रोमच्या ज्या मंडळींनी तिचा आराखडा काढला, त्यांनी समुद्र बहुधा दिवाणखान्यातल्या तसबिरीतच पाहिला असावा. तिचं नाक असं तरतरीत ठेवलं होतं की फोटोत ती आता चावेल असं वाटे. संडास मात्र टॉर्पेडोंच्या खोलीत, आणि त्याच्या दाराला आतून कडी नाही. तिला पाण्यात सोडायच्या दिवशी वाइनची बाटली तिच्या नाकावर फुटली नाही. ती उसळली आणि बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याच्या कपाळावर बसली. कपाळ फुटलं, बाटली शाबूत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने छापलं की आपल्या देशाची काच आता जगात सर्वांत मजबूत झाली आहे. ते दिवसच तसे होते. काळे शर्ट घालून माणसं छाती फुगवत, आणि छाती मोजायला कोणी टेप काढला तर त्याला तुरुंगात टाकत.

अशा बोटीवर जेनोव्हाहून नवा कप्तान आला. उंच, सडपातळ, कॉलर कडक, मिश्या कातरलेल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटींवर दुय्यम म्हणून उभं राहून राहून, केस पिकायला लागल्यावर, त्याला पहिल्यांदा स्वतःची बोट मिळाली होती. म्हणून तिचं ते चावरं नाक त्याला देखणं वाटलं, आणि तिला सोल्योला न म्हणणारा तो गोदीतला एकटा माणूस ठरला. त्याचा शकुन-अपशकुनावर काडीचा विश्वास नव्हता. पंगतीत बारा माणसं बसलेली दिसली की मुद्दाम तेरावा जाऊन बसायचा आणि दोनदा वाढून घ्यायचा.

फक्त त्याचं आडनाव पासालाक्वा होतं.

जेनोव्हात हे आडनाव सराफाच्या पाटीवरही शोभलं असतं. पण शब्दाचा सरळ अर्थ 'पाणी आरपार जातं' असा. आता पाणबुडीच्या कप्तानाने हे नाव लावून यायचं, म्हणजे न्हाव्याने 'कानकापे' नावाची पाटी लावण्यासारखं झालं.

पहिल्या दिवशी तो बोटीच्या पाठीवर उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मी कप्तान एर्मेनेजिल्दो पासालाक्वा. आजपासून ही बोट माझी."

तत्क्षणी साऱ्या खलाशांचे हात हलले. कोणी कठडा धरला, कोणी साखळी, कोणी पट्ट्याचं बक्कल. भंडाऱ्याने, म्हणजे बोटीच्या आचाऱ्याने, आपली पळी छातीशी धरली, तर शेजारच्या दोघांनी तिचा दांडा पकडला. आमच्याकडे अभद्र काही कानावर आलं की लोखंडाला हात लावतात. त्याने बला टळते. दक्षिणेत तान्ह्या मुलालाही हे शिकवावं लागत नाही.

जेनोव्हाच्या या शहाण्याला वाटलं, ही इथली सलामी असावी. जराशी अघळपघळ, पण मनापासूनची. मग त्याने काय करावं? त्यानेही अदबीने कठड्यावर हात ठेवला आणि मान लववली.

खलाशी गारच पडले.

"बघितलंस?" भंडारी कुजबुजला. "स्वतःचं नाव घेतलं आणि स्वतःच लोखंड धरलं."

"म्हणजे त्यालाही ठाऊक आहे," सारंग काताल्दो लोमाजिस्त्रो म्हणाला. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम; पोट पुढे, मिश्या त्याहून पुढे, आणि बोटीवरचा खरा कारभार त्याच्याच हातात. "घरची बला घरच्यालाच जास्त माहीत असणार. संपलं. या माणसाचं नाव बोटीवर कोणी घ्यायचं नाही. नुसतं 'साहेब'."

झालं. कित्येक महिने पासालाक्वा गावभर या सलामीला उत्तर देत हिंडला. बाजारात कोळणीने त्याला ओळखून तराजूचं वजन मुठीत धरलं की तो दिव्याच्या खांबाला हात लावून हसायचा. चर्चमध्ये पाद्र्याने किल्ल्यांचा जुडगा चाचपला, तर याने पायरीपाशी गुडघे टेकून दाराची बिजागरी धरली. दक्षिणेचे लोक आळशी असतील, पण आदबशीर आहेत, असं त्याचं मत होऊ लागलं होतं. गावाचं मत मात्र कधीच पक्कं झालं होतं.

शेवटी न्हावी एजिदिओने त्याचे डोळे उघडले. हा एजिदिओ साबण लावता लावता म्हणाला, "मी बापडा सुखी आहे, कप्तानसाहेब. तुम्ही आलात की माझ्या हातात वस्तरा असतोच. इतरांनी धावत जाऊन लोखंड कुठं शोधायचं?"

"कशाला शोधायचं?"

एजिदिओने सांगितलं. अर्धी दाढी झालेली होती. उरलेली अर्धी न करताच पासालाक्वा उठला, गळ्यातला टॉवेल काढला आणि तसाच रस्त्याने चालत गोदीवर गेला. इतके महिने आपण ज्याला मान समजून मान डोलावत होतो, ती आपल्या नावावरची थुंकी होती, हे ज्याला भर दुपारी कळतं, त्याला दाढीचं भान राहत नाही.

त्याच आठवड्यात अॅडमिरलने त्याला बोलावलं. म्हाताऱ्याने तोफेचा एक जुना गोळा कागदांवर ठेवला होता आणि पासालाक्वा आत आल्यापासून तो त्याला मांजरासारखा गोंजारत होता.

"या, या... कप्तान. बसा. रोमहून उपमंत्री येताहेत. त्यांना पाण्याखाली जायचंय."

"माझी बोट तयार आहे."

"बुडायला ती नेहमीच तयार असते हो. वर यायचं काय? तुम्ही खाली जाऊन तळावर बसायचं, सरकार तिथे भाषण करतील, मग सन्मानाने वर यायचं. इथे बँड असेल, बिशप असतील. नीट वर आलात तर बोट तुमची. फजिती झाली तर तिला धक्क्याला बांधून बॅटऱ्या काढून घेऊ, आणि तुम्ही आफ्रिकेत, असाब बंदराच्या कोळशाच्या वखारीवर. हवा बरी आहे म्हणतात तिथली, माश्या सोडल्या तर."

"बोट वर येईल," पासालाक्वा म्हणाला.

"आमेन," अॅडमिरल म्हणाला आणि त्याने दुसराही हात गोळ्यावर ठेवला.

उपमंत्री ओनोफ्रिओ स्पादाफोरा मूळचे नापोलीचे. छातीवर पदकं इतकी की चालताना घुंगरांसारखा आवाज येई, आणि त्यांतलं एकही लढाईतलं नव्हतं. बोटीच्या भोकातून आत उतरताना ते मधेच अडकले. सारंगाने खालून ओढलं आणि भंडाऱ्याने वरून, अंतर ठेवून पण मनापासून, दाबलं. अॅडमिरलने ओळख करून देताना "हे इथले... हे आपले... कप्तान," एवढंच म्हणून विषय संपवला होता.

बोट धक्क्यासमोरच्या मोठ्या खाडीत जाऊन बुडाली. ते काम तिने लोण्यातून सुरी जावी तसं केलं. तळाच्या चिखलात पोट टेकलं, दिवे एकदा लुकलुकले, छतातून चार थेंब उपमंत्र्यांच्या टोपीवर पडले. भंडाऱ्याने गोड वाइनचे पेले फिरवले, आणि सरकार बोलायला उभे राहिले.

"मित्रहो, आपला देश जागा झाला आहे. आपल्या आज्या ज्याला घाबरत, त्याला आपण हसतो. काळं मांजर, सांडलेलं मीठ, वाईट नजर, हे सगळं आपण गाडून टाकलं आहे. नव्या माणसाला भीती नाही." बोलताना त्यांचा डावा हात सारखा विजारीच्या खिशात होता. खिशात पोवळ्याचं छोटं लाल शिंग होतं, नजर लागू नये म्हणून. दक्षिणेतल्या कुठल्याही खलाशाला ते कापडातूनही दिसलं असतं. "आणि याचं श्रेय तुमच्या या शूर कप्तानाला. काय बरं नाव आपलं?"

सगळे छताकडे पाहू लागले. पंप तेवढा धापा टाकत होता.

"कप्तानाला नाव नाही का?"

"आहे, सरकार," सारंग म्हणाला. "चांगलं साहेब आहे."

पासालाक्वा पुढे झाला. "एर्मेनेजिल्दो पा..."

सगळे हात एकदम अर्ध्यापर्यंत उठले. कोणी व्हॉल्व्हकडे, कोणी नळाकडे, कोणी जिन्याकडे. पासालाक्वाने ते पाहिलं. इतक्या महिन्यांची ती सलामी, ती कोळीण, तो पाद्री, ती बिजागरी, सगळं त्याच्या डोक्यात चढलं.

"खबरदार," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "या क्षणापासून या बोटीवर कोणीही लोखंडाला हात लावायचा नाही."

हात हवेतच थांबले.

"कोणीच नाही, साहेब?" सारंगाने विचारलं.

"कोणीच नाही. मीसुद्धा."

"कुठल्याच कारणाने?"

"कुठल्याही कारणाने नाही. हुकूम आहे."

"शाब्बास," उपमंत्री म्हणाले. "याला म्हणतात नवा माणूस."

खलाशांनी हात पाठीमागे बांधले. भंडाऱ्याने पळी जमिनीवर ठेवली आणि पायाने दूर सारली. मंडळींनी वाइन संपवली. सरकारांनी घड्याळ पाहिलं. वर बँड ताटकळत असणार.

"सारंग," पासालाक्वा म्हणाला, "टाक्या रिकाम्या करा. बोट वर घ्या."

"घेतो, साहेब."

कोणी जागचं हललं नाही.

"सारंग, मी काय म्हणालो?"

"वर घ्या म्हणालात. ऐकलं आम्ही. पण हवा सोडायचा दांडा लोखंडाचा आहे. व्हॉल्व्हचं चक्र लोखंडाचं. पंपाचा खटका लोखंडाचा." सारंगाने आजूबाजूला नजर टाकली. "लाकडाचं म्हणाल, साहेब, तर या बोटीवर संडासाची फळी तेवढी आहे. ती दाबून वर येता आलं तर आत्ता दाबतो."

मागे कोणीतरी नाकातून हसलं.

सारंग लबाड होता का? होता थोडासा. पण घाबरलेलाही होता, आणि घाबरलेल्या माणसाची लबाडी पोलादाहून चिवट असते. ज्या माणसाचं नाव अर्धं कानावर पडलं होतं आणि ज्याची बला टाळायला लोखंड धरायला मनाई होती, त्याच्याबरोबर तो समुद्राच्या तळाशी बसला होता.

पासालाक्वाने दांड्याकडे स्वतः हात नेला.

"तुम्हीसुद्धा म्हणाला होतात, साहेब," सारंग हळूच म्हणाला. "पाहुण्यांसमोर."

हात मागे आला. स्वतःचा हुकूम रोमच्या माणसासमोर स्वतः मोडणारा कप्तान असाबच्या वखारीवर कोळसा मोजतो, हे त्याला न सांगता कळत होतं.

"ठीक. हुकूम मागे घेतो."

"घ्या ना साहेब, आनंदाने घ्या. पण आरमाराचा नियम..." सारंग घुटमळला. आता त्याचा चेहरा खरोखरच पडला होता. "पाहुण्या सरकारांसमोर दिलेला हुकूम मागे घ्यायचा तर तो हुद्दा आणि पूर्ण नाव उच्चारून घ्यावा लागतो. नाहीतर तो मागे गेलाच नाही. आणि साहेब, तुमच्या आईची शपथ, ते तेवढं करू नका."

"मग वर कसं यायचं?"

"तेच तर म्हणतोय. नाव घेतलंत तर मेलो. नाही घेतलंत तर इथेच राहिलो."

"कप्तानसाहेब, राहू या की," भंडारी म्हणाला. "मॅकरोनी आहे अजून."

उपमंत्र्यांच्या टोपीवर आणखी चार थेंब पडले. त्यांच्या गालांचा रंग मैद्यासारखा झाला होता. "हा काय पोरखेळ लावलाय?" ते ओरडले. "एक नाव घ्यायचं त्यात काय आहे? मी फर्मावतो. घ्या नाव."

पासालाक्वाला त्या क्षणी फार बरं वाटलं. या दिवसाआधी तारांतोत त्याला त्याचं नाव कोणी मागितलं नव्हतं. आज एका अख्ख्या बोटीचा जीव त्या नावावर अडला होता. त्याने कोट सरळ केला, घसा साफ केला आणि बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्री घेतो तसं एकेक अक्षर सुटं करून घेतलं.

"मी, कप्तान एर्मेनेजिल्दो पासालाक्वा..."

खलाशांनी डोळे मिटले. कोणीतरी गावच्या रक्षक संताला, सेंट काताल्दोला, मेणबत्त्या कबूल केल्या. पण हुकूम अजून पुरता मागे गेला नव्हता, म्हणून एकाचाही हात पाठीमागून सुटला नाही. एवढी शिस्त त्या बोटीवर आधी कधी दिसली नव्हती आणि नंतरही दिसली नाही.

हात सुटला तो नव्या माणसाचा. नापोलीच्या कानात 'पाणी आरपार जातं' हे शब्द शिरले मात्र, त्याने खिशातलं शिंग सोडलं आणि हाताला जे पहिलं लोखंड लागलं ते दोन्ही मुठींनी धरून त्याला लटकला. ते लोखंड म्हणजे लाल रंगाचा दांडा होता. सगळी दाबलेली हवा एकाच वेळी सगळ्या टाक्यांत सोडणारा. आणीबाणीवाचून त्याला हात लावायचा नसतो.

सोल्योला तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच उडाली.

धक्क्यावरच्या लोकांनी सांगितलं, ती पाण्याबाहेर अशी आली की तिच्या पोटाखालून पलीकडचं बेट दिसलं. तिच्या शेपटीला शिनाण्यांची, म्हणजे काळ्या शिंपल्यांची, अख्खी माळ लटकत होती. बँडने घाबरून भलतंच काही वाजवलं. बिशपांनी गुडघे टेकले. बोट आपटली, डुलली आणि गुमान तरंगत राहिली. भोकातून आधी टोपी आली, मग उपमंत्री आले, मग त्यांच्या विजारीचा राहिलेला भाग. टाळ्यांचा कडकडाट झाला.

रोमच्या वर्तमानपत्रांनी लिहिलं की स्पादाफोरांनी संकटात बोटीचा ताबा घेतला. त्यांना आणखी एक पदक मिळालं, आणि हे मात्र बुडाल्याबद्दलचं होतं. पासालाक्वाला काढून टाकायचं असं त्यांनी रोमला पोचताच ठरवलं. पण काढायचं तर हुकूमनाम्यावर नाव लागतं. कारकून टाइपरायटर लोखंडाचा म्हणून नाव टाइप करायला तयार झाला. सही सरकारांनी करायची होती, आणि सरकारांचं पेन सोन्याचं होतं. त्यांनी तीनदा टोपण काढलं आणि तीनदा लावलं. मग म्हणाले, "राहू दे. असल्यांना डिवचू नये." कागद पेटवला गेला, आणि त्याची राखसुद्धा चिमट्याने बाहेर टाकली.

बोट पासालाक्वाची राहिली.

आणि इथेच त्या नावाने खरा सूड उगवला, तोही त्याच्यावरच. काढण्याच्या यादीत ज्याचं नाव घालत नाहीत, त्याचं नाव पाठवण्याच्या यादीतही घालत नाहीत. कवायतीला बोटी निघायच्या, तेव्हा अॅडमिरल कप्तानांच्या हजेरीपटावरून नावं वाचायचा, पासालाक्वापाशी यायचा, तोफेचा गोळा गोंजारायचा आणि खालच्या ओळीवर जायचा. पासालाक्वा रोज सकाळी बोटीच्या पाठीवर कडक कॉलर लावून उभा राहायचा. रोज पितळ घासून घ्यायचा. इंजिनं चालवून बघायचा. बोलावणं यायचं नाही. बढती नाही, बदली नाही. मेजवानीला तो आला की टेबल रिकामं व्हायचं. मग तो तेराव्या खुर्चीवर एकटाच बसून दोनदा वाढून घ्यायचा.

मग लढाई लागली. छात्या फुगवणाऱ्यांनी ती मोठ्या थाटात लावली. तारांतोचा फिरता पूल उघडला आणि पाणबुड्या एकामागून एक बाहेर गेल्या. काठावरून बायका रुमाल हलवत होत्या. ज्यांच्या नावात 'जय', 'कीर्ती', 'सोनं' असलं काही शुभ होतं ते कप्तान आधी गेले. पासालाक्वाने अॅडमिरलच्या दारात उभं राहून विनवलं, ओरडला, शेवटी कागदावर लिहून दिलं. कागद चिमट्याने उचलला गेला. बोटी गेल्या त्यातल्या बऱ्याचशा परत आल्या नाहीत. काठावर बायका येत राहिल्या, रुमाल मात्र आता डोळ्यांना होते. सोल्योला धक्क्यालाच राहिली. तिच्या बुडाला शिनाणे धरले, आणि भंडाऱ्याने ते लिंबू पिळून त्याच खलाशांना खाऊ घातले. ते जाडजूड झाले, त्यांना मुलं झाली. कप्तानाचं नाव त्यांतल्या एकानेही मुलाला ठेवलं नाही.

आरमाराच्या इतिहासात तिची नोंद एका ओळीची आहे: 'त्रिओंफो, निष्कलंक सेवा.' लिहिणाऱ्याने लाजायला हवं होतं, पण लाजणाऱ्याला तसली कामं देत नाहीत.

लढाई संपल्यावर तिला भंगारात काढलं. कापणारे आले, ठिणग्या उडाल्या, ते चावरं नाक सुटं होऊन धक्क्यावर पडलं. पासालाक्वा जुना कोट घालून पाहत उभा होता. सारंग काताल्दो त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. मिश्या आता पांढऱ्या, पोट तेवढंच.

"वाईट वाटतंय?" त्याने विचारलं.

"तिने काहीच केलं नाही, सारंग. एकदासुद्धा नाही."

"माझी नातवंडं केली तिने." सारंगाने नाक शिंकरलं. "तुमच्या नावाने केली, असं म्हणा हवं तर. कुणासमोर म्हणू नका."

मग त्याने दोन्ही हात वर केले, तळवे उघडे, बोटं पसरलेली, आणि सगळ्या गोदीला ऐकू जाईल असं म्हणाला, "सलाम, कप्तान एर्मेनेजिल्दो पासालाक्वा."

कापणारे थांबले. इतक्या वर्षांत पासालाक्वाचं पूर्ण नाव त्याच्याशिवाय कोणी घेतलं नव्हतं, आणि घेणाऱ्याचे हात रिकामे, हवेत, दिसत होते. उत्तर म्हणून त्याने अदबीने मान लववली.

खाली सारंगाचा उजवा बूट काढून बाजूला ठेवलेला होता, आणि त्याचा अनवाणी पाय नांगराच्या साखळीवर घट्ट रोवलेला होता.